उतरत्या पायऱ्या

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, वडील म्हणत.
ते कोर्टातच कारकून होते, रोज चढत.

या पायऱ्या उतरत्या आहेत.
तूरिनमधल्या एका चर्चच्या कुशीतून
तळघरात जाणाऱ्या, अकरा.
मधली एक फुटलेली, तिच्यावर कुणीतरी
पिवळा रंग फासलाय.
दर गुरुवारी साडेपाच ते आठ,
कायद्याचा सल्ला मोफत.
दारावर हे सहा भाषांत लिहिलंय.
सहांत माझी नाही.

आधी मी एका खऱ्या ऑफिसात गेले होते.
पितळी पाटी, लिफ्टला जाळीचं दार.
सेक्रेटरी माझ्या बुटांशी बोलली :
पहिल्या भेटीचे एकशे ऐंशी, कर वेगळा.
एकशे ऐंशी म्हणजे तीस तास.
तीस तास म्हणजे किती ताटं घासली, ते सोडा.
जो पगार बुडाला म्हणून आले
त्याच पगारातून फी द्यायची होती.
आडातच नाही, आणि ही बाई
पोहऱ्याचं भाडं सांगत होती.

माझा नंबर चव्वेचाळीस. भिंतीवर एकोणतीस.
शेजारी झुहरा, मोरोक्कोतल्या खुरिब्गाची.
मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत
तिच्या भिंतीचे फोटो. काळी बुरशी
खिडकीच्या कोपऱ्यातून निघून
मुलाच्या पलंगापर्यंत आलेली.
घरमालक म्हणतो, तुम्हीच भाज्या उकडून आणलीत,
डिपॉझिट विसरा.
हे तिनं मोडक्या इटालियनमध्ये सांगितलं,
मी माझ्या मोडक्या इटालियनमध्ये ऐकलं.
दोन फाटक्या छत्र्यांखाली
जेवढं कोरडं राहता येतं, तेवढं कळलं.

मग ती वैतागून स्वतःशीच बोलायला लागली, तिच्या भाषेत,
आणि त्या वाहत्या, घशातल्या आवाजात
अचानक एक ओळखीचा दगड लागला : हक्क.

हक्क? मी विचारलं.
हक्क, ती म्हणाली, छातीवर बोट ठेवून.

मग आम्ही हुडकतच सुटलो.
मालक. दोघींनी एकदम तोंड वाकडं केलं.
हिशेब. तिनं हवेत आकडे लिहिले, खाली रेघ ओढली.
तारीख. तिच्याकडे तारीख म्हणजे इतिहासही,
हे तिनं फोनवर काढून दाखवलं.
आमच्याकडेही कोर्टात तसंच होतं गं,
तारखा पडत पडत इतिहास होतो,
पण हे सांगायला शब्द पुरेनात. एकटीच हसले.

वकील म्हटल्यावर तिनं मान हलवली.
कोर्टातल्याला त्या वेगळं काही म्हणतात.
वकील म्हणजे... तिनं शोधलं, सापडेना,
मग पिशवी उचलून माझ्या मांडीवर ठेवली
आणि बाथरूमला निघून गेली.

ज्याच्या भरवशावर टाकून जाता येतं, तो.

मी तिची बुरशी सांभाळत बसले.
सदतीस. अडतीस. अडतीस पुन्हा.
अडतीस आलाच नाही.

ओर्नेला. सनद मिळायला अजून सहा महिने, नाक गळतंय.
करारपत्र? नाही.
साक्षीदार? दोघं होते.
त्यांच्याकडेही कागद नाहीत, मी नावं सांगणार नाही.
तिनं पेन खाली ठेवलं, नाक पुसलं,
मग म्हणाली, फोन दाखव.
'उद्या अकराला ये.' 'रविवारी पण ये.'
'येताना स्पंज आण.'
मालकाचे चारशे बारा मेसेज.
ती पहिल्यांदाच हसली : हा काय तुझा करार.

नोटीस तिनं तिथंच टाइप केली.
रजिस्टर पोस्टानं पाठव, पोचपावतीसकट.
तिकिटाचे पैसे मात्र तुझे, असं
अपराध्यासारखं म्हणाली.
पगार मिळेल का, मी विचारलं नाही,
तिनंही सांगितलं नाही.

बाहेर आले तेव्हा पंचेचाळीस पुकारत होते.
झुहरा उठली. पिशवी तिनं
माझ्या हातातून घेतली नाही.
शेवटच्या बसला सतरा मिनिटं होती.
मी फोटो तारखेप्रमाणे लावत
तिच्या मागून पुन्हा आत गेले.